सूत पेढीचे कागद डिजिटल केले : काही महिन्यांच्या वापरानंतर

इचलकरंजीत आमचा सुताचा व्यापार आहे. बिलं, डिलिव्हरी चलनं, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या, सगळं बॉक्स फायलींत असायचं. मार्चअखेरीनंतर ते स्कॅन करायला घेतलं आणि आता रोजच्या कामात मुरलंय.

स्कॅनर शीटफेडच घ्या, म्हणजे गठ्ठ्यातले कागद आपोआप ओढणारा. फ्लॅटबेडवर एकेक कागद ठेवायचा म्हटलं तर काम अर्ध्यात राहणार. आमचा स्कॅनर दोन्ही बाजू एकदम घेतो, पण बिल्टीचा पातळ कागद दोन-दोन ओढतो, म्हणून त्या हातानंच एकेक सोडाव्या लागतात. आणि पिना काढण्यात स्कॅनिंगपेक्षा जास्त वेळ जातो, हे आधीच धरून चला.

खरी कसोटी कार्बन कॉपीची. गुलाबी चलनावरची फिकट निळी अक्षरं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये गायब होतात. ३०० डीपीआय (स्कॅनची बारकाई) आणि कलर ठेवलं की बॅगांची संख्या, वजन, घेणाऱ्याची सही सगळं वाचता येतं. फाइल जड होते, होऊ दे. वजनकाट्याच्या थर्मल पावत्या मात्र सगळ्यांत आधी उरका, त्या ठेवल्या जागी पुसट होत जातात.

स्कॅनमधला मजकूर शोधता यावा म्हणून ओसीआरमायपीडीएफ वापरतो, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम. ते फुकट आहे, आतून टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं इंजिन चालतं, मराठी आणि इंग्रजी एकत्र वाचतं आणि फाइल पीडीएफ-ए स्वरूपात देतं, जे दीर्घकाळ जपणुकीसाठीच ठरवलेलं आहे. छापील बिलं छान वाचतं. दिवाणजींच्या हातची मराठी अक्षरं त्याला झेपत नाहीत. त्यामुळे सगळी भिस्त फाइलच्या नावावर : तारीख, पार्टी, चलन नंबर, आणि हे स्कॅन करतानाच टाकायचं. नंतर टाकू म्हटलं की ते कधीच होत नाही. मागच्या महिन्यात एका पार्टीनं चार बॅगा कमी आल्याचं सांगितलं. ते फोनवर असतानाच त्यांच्या माणसाच्या सहीचं चलन व्हॉट्सॲपवर गेलं आणि वाद तिथंच मिटला. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा सगळा खटाटोप वसूल आहे.

सुरक्षेसाठी कॉम्प्युटरची डिस्क विंडोजच्या बिटलॉकरनं एन्क्रिप्ट केलीय, म्हणजे कुलूपबंद, एक प्रत क्लाउडवर आणि एक घरच्या हार्ड डिस्कवर. बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा राखीव नंबर, कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, कॉम्प्युटरनं ती मागितली आणि ती हरवलेली असली तर आपलाच डेटा आपल्याला उघडत नाही. कामगारांची आधार-पॅनची कागदं वेगळ्या फोल्डरमध्ये, तो फक्त आम्ही दोघं भाऊ उघडू शकतो.

मूळ कागद लगेच रद्दीत देऊ नका. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालतात, पण प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही येते, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा. सह्या-शिक्क्यांचे करार, बँकेचे तारणाचे कागद आम्ही तसेच ठेवलेत. बाकीचे गठ्ठे कधी काढायचे, ते आमचे सीए वर्षागणिक यादी करून सांगणार आहेत.