साइन इन्व्हर्स, टॅन इन्व्हर्स: सूत्राने काढावं की कॅल्क्युलेटरवर?

साइन इन्व्हर्स (साइन⁻¹) म्हणजे साइनची किंमत दिली असताना कोन शोधणं; कॉस⁻¹, टॅन⁻¹ चंही तसंच. गणितात अक्षर आलं असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. साइन(कॉस⁻¹ क्ष) = √(१ − क्ष²) हे साधा कॅल्क्युलेटर सांगणार नाही. उलट साइन⁻¹(०.३७) पुढे सगळी सूत्रं हात टेकतात. बटण दाबा, साधारण २१.७२ अंश, विषय संपला. डोकं लावावं लागतं ते या दोन टोकांच्या मधल्या गणितांत.

कॉस(टॅन⁻¹ ३/४) घ्या. काटकोन त्रिकोण काढला की बाजू ३, ४, ५ आणि उत्तर ४/५. कॅल्क्युलेटरही ०.८ देतो, म्हणजे इथे बरोबरी. पण ३/४ च्या जागी १/२ असेल तर पडद्यावर ०.८९४४ दिसतं, आणि ते २/√५ आहे हे ओळखायचं तुम्ही. नेमकं उत्तर मागितलं असेल तर मी त्रिकोणच काढेन.

मग सूत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवावा का? टॅन⁻¹ २ + टॅन⁻¹ ३ करून पाहा. बेरजेच्या सूत्रात (२ + ३)/(१ − ६) म्हणजे −१ येतं आणि उत्तर निघतं −४५ अंश. दोन धन कोनांची बेरीज ऋण! कॅल्क्युलेटर मात्र ६३.४३ आणि ७१.५७ मिळवून सरळ १३५ देतो. सूत्र खोटं नाही. दोन्ही संख्या धन असून त्यांचा गुणाकार १ पेक्षा मोठा असेल तर १८० अंश मिळवायचे असतात, आणि पाठांतरात नेमकी हीच अट गळते. म्हणून सूत्राने काढलेली बेरीज मी एकदा कॅल्क्युलेटरवर पडताळतोच.

कॅल्क्युलेटरच्या खोडी वेगळ्या. साइन⁻¹(०.५) ला ०.५२३६ आलं तर तो रेडियन मोडवर आहे, म्हणजे कोन अंशांऐवजी रेडियन या दुसऱ्या एककात देतोय, एवढंच. त्याहून फसवं म्हणजे साइन⁻¹(०.६): तो ३६.८७ अंश सांगून गप्प बसतो. त्रिकोणातला कोन विशालकोन असेल तर साइन(१८०° − θ) = साइन θ वापरून १४३.१३ आपणच काढायचं.

कॉट म्हणजे १/टॅन. कॉट⁻¹ चं तर बहुतेक कॅल्क्युलेटरवर बटणच नसतं. टॅन⁻¹(१/क्ष) टाकून भागवतात, आणि क्ष धन असेपर्यंत ते चालतं. कॉट⁻¹(−२) साठी मात्र −२६.५७ येतं. तुमच्या पुस्तकात कॉट⁻¹ ची किंमत ० ते १८० अंशांत धरली असेल, तर त्यात १८० मिळवून १५३.४३ लिहा.