रेशीम खरे, पैठणी खोटी

पैठणीसाठी प्रसिद्ध असलेले येवला नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि नेमके त्यामुळेच, ‘आमचे येवल्याचे विणकर’ एवढे म्हटले की नाशिकच्या गिऱ्हाइकाला अधिक पुरावा मागावासा वाटत नाही. भाचीच्या लग्नासाठी आम्ही शहरातील एका दुकानातून १६,००० रुपयांना जी साडी घेतली, ती याच एका वाक्यावर पैठणी म्हणून विकली गेली होती. पदराच्या आतून दुकानदाराने आपणहून जाळी लावून दिली होती. बांगडीत धागे अडकू नयेत म्हणून, असे तो म्हणाला आणि त्याचे पैसेही त्याने घेतले नाहीत.

लग्नानंतर त्या जाळीची शिवण एका कोपऱ्यात उसवली, तेव्हा भाचीच्या सासूबाईंनी, ज्यांचे माहेर येवल्याचे आहे, पदर उलटून पाहिला. समोरून रेखीव दिसणाऱ्या मोराच्या मागे हिरव्या-गुलाबी धाग्यांचा नुसता गुंता होता आणि काही ठिकाणी ते धागे कात्रीने कापलेले स्पष्ट दिसत होते. हातमागाच्या पैठणीत मोर, मुनिया किंवा कमळ विणताना वेगवेगळ्या रंगांचे बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे हाताने एकमेकांत गुंतवले जातात, त्यामुळे उलट्या बाजूलाही जवळजवळ तसाच मोर दिसतो. यंत्रमागावर मात्र नक्षीत नको असलेला रंग मागून मोकळा धावतो. ती फुकटची जाळी कशासाठी होती, हे तेव्हा उलगडले.

साडीला सिल्क मार्कचे लेबल होते आणि ते खोटे नव्हते. परंतु ते चिन्ह धागा शुद्ध रेशमाचा असल्याचे सांगते, साडी कोणत्या मागावर विणली याबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. धागा जाळून केसांसारखा वास येतो का हे पाहण्याची घरगुती परीक्षाही इथे निरुपयोगी ठरते, कारण रेशीम खरेच असते. बिलावर ‘सिल्क साडी’ एवढेच लिहिले होते. आम्ही जाब विचारला तेव्हा दुकानदाराने याच शब्दांवर बोट ठेवले आणि ‘पैठणी’ आपण केवळ डिझाइनला म्हणालो होतो, असे सांगून मोकळा झाला.

घरातल्या काहींचे म्हणणे असे पडले की, साडी दिसायला छान आहे, मग कोण उलटून बघणार? मला हा युक्तिवाद दुकानदाराच्या युक्तिवादाइतकाच खटकतो. यंत्रमागावर विणलेल्या आणि सेमी पैठणी म्हणून, सेमीच्या दरात, उघडपणे विकल्या जाणाऱ्या साडीला माझा आक्षेप नाही. प्रत्येक घराला हातमागाची पैठणी परवडत नाही आणि परवडलीच पाहिजे असेही नाही. मात्र नक्कल असल्याचे ठाऊक असूनही ती अस्सल म्हणून मिरवणाऱ्यांमुळे १६,००० हाच पैठणीचा रास्त भाव असल्याची समजूत पसरते आणि मग एकेका पदरावर आठवडेच्या आठवडे बसणाऱ्या विणकराने आपल्या मजुरीचा खरा हिशेब सांगितला, तर लोकांना ती लूट वाटते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु गिऱ्हाईकच बिलावर तो शब्द लिहून मागत नसेल, तर त्या मानांकनाचा येवल्याच्या मागावर बसलेल्या माणसाला काय उपयोग?

अशी खरेदी करणाऱ्यांनी पदर जाळी लावण्यापूर्वी, दिवसाच्या उजेडात, उलटून पाहावा. बिलावर ‘हातमागावर विणलेली शुद्ध रेशमी पैठणी’ असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि दुकानदार का-कू करू लागला, तर तिथेच उठावे. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने भागले नाही, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आमची तक्रार हेल्पलाइनकडे नोंदवली आहे आणि उसवलेली जाळी मुद्दाम तशीच ठेवली आहे, कारण कापलेले धागे हाच आमच्याकडचा सर्वांत ठोस पुरावा आहे.