पीएच मीटर, आठ महिन्यांनी: यंत्र झकास, बूच फालतू

पीएच मीटर म्हणजे द्रावण किती आम्ल, किती अल्कली ते आकड्यात सांगणारं यंत्र. त्याचं रेझोल्यूशन, कॅलिब्रेशनचे पॉइंट वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते परत लिहीत नाही. लिहायला बसलो ते एका बुचामुळे. इलेक्ट्रोडच्या, म्हणजे द्रावणात बुडवायच्या काचेच्या नळीच्या, मानेशी केसीएल (पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण) भरायचं भोक असतं, त्याला काळं रबरी बूच, तुरीच्या दाण्याएवढं. मार्चमध्ये ते बेसिनमध्ये पडलं ते गेलंच. दुकानदाराला फोन केला. "बूच सुटं मिळत नाही सर, नवा इलेक्ट्रोड घ्या, 2800." वॉरंटी? "इलेक्ट्रोडला नसते, तो कन्झ्युमेबल." म्हणजे बूच हरवलं म्हणून अख्खा इलेक्ट्रोड फेकायचा. आमच्याकडे घागरीचं झाकण फुटलं म्हणून कोणी घागर फेकत नाही.

आता वापराचं. जळगावात आमच्या एमएस्सीच्या मुलांचा प्रोजेक्ट आयसोइलेक्ट्रिक बफरांवर आहे. बफर म्हणजे पीएच धरून ठेवणारं द्रावण. हिस्टिडिन, लायसिन, ग्लुटामिक आम्ल, ही अमिनो आम्लांची मंडळी आपापल्या पीआयवर, म्हणजे ठरावीक पीएचवर, असली की रेणूवर एकूण भार शून्य. वीज फारशी वाहत नाही, त्यामुळे इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या जोरावर रेणू वेगळे करताना) व्होल्टेज चढवलं तरी बफर तापत नाही. एप्रिलमध्ये जळगावात जे तापत नाही ते मला प्रिय आहे. पण आधी त्यांचे पीकेए (ज्या पीएचवर एखाद्या गटाचा प्रोटॉन निम्म्या रेणूंवरून सुटलेला असतो तो आकडा) आणि पीआय नीट मोजायला हवेत, म्हणून हा मीटर.

पहिल्या आठवड्यात मी याला एक तारा दिला असता. हिस्टिडिन पाण्यात विरघळवलं, अपेक्षा 7.6 च्या आसपास, आणि आकडा 3.9! 4, 7 आणि 9.18 च्या बफरांवर तीनदा कॅलिब्रेशन केलं. तेच. दुकानदाराशी फोनवर भांडलो. आवाज ऐकून आमचे प्रयोगशाळेचे मामा आले, "काय व्हयनं सर?" म्हणाले, बाटली उचलली आणि लेबल वाचून दाखवलं: हिस्टिडिन मोनोहायड्रोक्लोराइड, म्हणजे हिस्टिडिनचा हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबरचा क्षार. स्वस्त पडतं म्हणून मीच मागवलं होतं. त्यात पीएच ठरतो पहिल्या दोन पीकेएंवर, 1.8 आणि 6.0. सरासरी 3.9. यंत्र चोख होतं. दुकानदाराची माफी मागितली नाही, तो भाग वेगळा.

ती बाटली मात्र वाया गेली नाही. 0.02 मोलरचं 25 मिली घ्या, 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडत जा. 2.5 मिलीवर 6.0 चा पीकेए, 5 मिलीवर पीआय, 7.5 मिलीवर त्यापुढचा पीकेए, साधारण 9.2. 5 मिलीजवळ 0.2 मिली टाकलं तरी आकडा चटकन उडतो, हेही मुलांना दिसलं. कारण पीआय दोन्ही पीकेएंपासून दीडएक युनिट लांब. तिथे हिस्टिडिनची बफर धरून ठेवायची ताकद त्याच्या कमाल ताकदीच्या पाचव्या भागाएवढी. लायसिनमध्ये हेच अंतर पाऊण युनिटच्या आसपास, म्हणून ते पीआयवर जास्त घट्ट बसतं.

पुन्हा बूच. मुक्त (हायड्रोक्लोराइड नसलेलं) हिस्टिडिन आणल्यावर आकडा स्थिर होईना. नोव्हेंबरभर मी इलेक्ट्रोडला शिव्या दिल्या. दोष असा की मोजताना बूच काढायचं असतं, म्हणजे केसीएल हळूहळू बाहेर झिरपतं आणि द्रावणाशी संपर्क टिकतो. आयन कमी असलेल्या बफरात झिरपणं बंद झालं की आकडा भटकतो. बूच काढलं, दोन मिनिटांत बसला. पॅकिंगमधल्या कागदावर ही ओळ आहे, पण मुंगीएवढ्या अक्षरात. त्यानंतर नियम केला: पीकेए 0.1 मोलर केसीएल घालून मोजायचा, वाहकता मात्र मीठ न घालता. पाणी उकळून थंड करून, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड पीएच खाली ओढतो.

एप्रिलमध्ये मत आणखी बदललं. लॅबमध्ये 40 अंश, हिस्टिडिनचा पीआय 7.3. मी म्हटलं, संपलं. पण तापमान प्रोब फक्त इलेक्ट्रोडचा उतार (पीएचच्या एका युनिटमागे किती मिलिव्होल्ट) सुधारतो, 25 अंशांवर 59.16 मिलिव्होल्ट, 40 ला 62.1. द्रावणच बदललं तर ते 25 चा आकडा दाखवत नाही, दाखवूही नये. हिस्टिडिनचा पीआय दर अंशाला साधारण 0.02 ने उतरतो. 9.18 चा बोरॅक्स बफरसुद्धा 40 ला 9.07 होतो, बाटलीवर तक्ता असतो. म्हणजे इथेही यंत्र बरोबर आणि मी चूक.

तर बूच. मामांनी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणली, नखाएवढा तुकडा कापला, एका टोकाला गाठ मारून भोकावर चढवला. सायकलवाल्याने पैसेही घेतले नाहीत. मार्चपासून तोच आहे, केसीएल सांडत नाही. फक्त सकाळी काढायचं विसरायचं नाही. परवा विसरलो, आणि लायसिनचा आकडा जेवणाची सुट्टी होईपर्यंत हलत होता.