आउटबोर्डचा कार्बोरेटर: घरी उघडायचा, गॅरेजला द्यायचा की मुंबईला पाठवायचा?

पावसाळाभर बोट शेडमध्ये उलटी पडलेली, दिवाळी झाल्यावर पाण्यात टाकली, दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली आणि मोटर एकदा फुर्र करून गप्प. हे सेम माझ्या मामेभावाकडे झालं, त्याची १५ एचपीची टू स्ट्रोक आउटबोर्ड आहे, म्हणजे बोटीच्या मागे अडकवायची मोटर, धरणात माशांच्या पिंजऱ्यांकडे जायला वापरतो. नाशिकमध्ये बाइकचं गॅरेज दर शंभर पावलांवर मिळेल पण आउटबोर्डवाला शोधून दाखवा! म्हणून खरा प्रश्न पैशाचा नाहीच, कोणाच्या हातात द्यायचं हा आहे.

आधी एक सांगतो, कार्ब म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर, तो उघडण्याआधी तो खरंच कार्बचाच लोचा आहे का ते बघा. पेट्रोलच्या पाइपवर तो रबरी फुगा असतो ना, मोटर मरायला लागली की तो दाबत राहायचा. दाबल्यावर मोटर नीट पळाली तर गडबड फ्युएल पंपात किंवा पाइपात आहे, कुठंतरी हवा ओढतेय, कार्ब साफ करून काही होणार नाही. प्लग काढून स्पार्क पण बघून घ्या. आणि निफाडकडचे असाल तर डिसेंबरच्या पहाटे चोक न देता मोटर उठत नाही म्हणून कार्बला शिव्या देऊ नका, तिकडं माणूस उठत नाही तर मोटर काय उठणार.

कार्बच असेल तर लक्षणं बऱ्यापैकी बोलतात. स्लोला बंद पडते पण रेस दिली की चालते, म्हणजे पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारं बारीक भोक) किंवा त्याची वाट बुजली. स्लोला गोड चालते आणि रेस दिली की गुदमरते, मेन जेटकडे (रेसला पेट्रोल देणारं मोठं भोक) बघा. पेट्रोल बाहेर सांडतंय तर फ्लोटची निडल नीट बसत नाही (फ्लोट म्हणजे कार्बच्या वाटीत तरंगणारा तुकडा, वाटी भरली की तो निडलने पेट्रोल बंद करतो).

आता पर्याय. सगळ्यात आळशी पर्याय म्हणजे टाकीत क्लीनरची बाटली ओतायची किंवा कार्बच्या तोंडातून स्प्रे मारायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. नुकताच थोडा कचरा आला असेल तर चालून जातं कधी कधी. पण टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलात ऑइल मिसळलेलं असतं, चार महिन्यांत कार्बच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि खाली ऑइल आणि जुन्या पेट्रोलचा गुळासारखा चिकटा राहतो, तो बाटलीने सुटत नाही. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. वाटी उघडली की तळाशी पाण्याचे थेंब गोळ्यांसारखे फिरताना दिसतात ते हेच.

आणि 'चालतेय ना, चालू दे' करून अर्धवट बुजलेल्या मेन जेटवर फुल रेस देऊ नका. ऑइल पेट्रोलातूनच जातं, जेटमधून पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी झालं की पिस्टन तापतो आणि जाम होतो. तीनशे रुपयांचा स्प्रे वाचवायला गेलात तर इंजिनचं काम निघेल.

दुसरा पर्याय, स्वतः उघडणे, आणि एकच कार्ब असलेल्या छोट्या मोटरला माझं मत सरळ याच बाजूने आहे. रविवारची एक सकाळ जाते. लागतं काय, कार्ब क्लीनर स्प्रे, नवं गॅस्केट आणि ओरिंग, चांगला स्क्रू ड्रायव्हर, हवेचा पंप आणि मोबाइल, कारण प्रत्येक पाइप आणि लिंक काढण्याआधी फोटो काढायचाय (काढालच, नाहीतर संध्याकाळी एक स्प्रिंग हातात घेऊन बसाल). जपानी मोटरचे स्क्रू दिसायला आपल्या स्टारसारखे पण खाच थोडी वेगळी असते, साधा ड्रायव्हर घसरून डोकं गुळगुळीत करतो, पितळी जेटचं तर लगेच. फिट बसणाराच ड्रायव्हर घ्या.

चुका होतात त्या दोनच ठिकाणी. एक, मिक्श्चरचा स्क्रू. स्लोचं पेट्रोल-हवेचं प्रमाण त्याने ठरतं. काढण्याआधी हलक्या हाताने आत पूर्ण फिरवायचा, किती फेरे गेला ते मोजायचं, लिहून ठेवायचं, मगच बाहेर. आत आवळला तर टोक खराब. दोन, जेटमध्ये स्टीलची तार घालणं. भोक मायक्रोनच्या हिशोबाने केलेलं असतं, तारेने ते मोठं झालं की मोटर जास्त पेट्रोल पिणार आणि कळणारही नाही का ते. गळाची नायलॉनची बारीक दोरी घाला, मासेवाल्यांकडे ती असतेच, आणि जेट उजेडासमोर धरून बघा, गोल भोक स्वच्छ दिसलं पाहिजे. मेन जेटच्या वर आडव्या भोकांची पितळी नळी असते, तिचं एकेक भोक बघायचं. स्प्रे मारताना ओरिंग बाजूला काढा, रबर फुगतं, आणि डोळ्यांना चष्मा लावा कारण एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो, अनुभव आहे. घरात नको हे काम, देवघरातला दिवा आणि पेट्रोलची वाटी एका छताखाली नको.

तिसरा पर्याय बाइकचा मेकॅनिक. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या बाइकला बहुतेक इंजेक्टरच, त्यामुळे तरुण पोरं कार्बला हात लावायला कचरतात, पण जुने मेकॅनिक तुमच्या-माझ्यापेक्षा नक्कीच भारी. त्यात इंजेक्टर साफ करायला बऱ्याच गॅरेजांनी अल्ट्रासोनिकचं टबवालं मशीन घेतलंय, पायलटची वाट आतून बुजली असेल तर त्याच्याइतकं काही चालत नाही. पण मोटर नेऊ नका, फक्त कार्ब सोडून न्या! मामेभावाने अख्खी मोटर टेम्पोत घालून नेली, त्यांनी कार्ब झकास साफ केला आणि दाखवायला कोरडीच स्टार्ट करून रेस केली. आउटबोर्डला थंडावा बाहेरच्या पाण्यातूनच मिळतो, ते पाणी ओढणारा आतला रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, कोरडा फिरला की थोड्या वेळात जळतो. कार्ब साफ, वॉटर पंप खल्लास. गॅरेजवाल्याचा दोष म्हणावा तर त्याने आयुष्यात बोटीची मोटर पाहिलीच नव्हती.

ओझर, पिंपळगावकडच्यांना अजून एक वाट आहे, द्राक्षबागेच्या फवारणी पंपांची इंजिनं दुरुस्त करणारे. टू स्ट्रोक त्यांच्या हातचा मळ आहे. फक्त पाठीवरच्या पंपांत बऱ्याचदा डायफ्रामचा (लवचिक पडद्याचा) कार्ब असतो आणि आपल्यात फ्लोटचा, म्हणून फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे किती ते तुम्हीच मोजून सांगा.

मुंबई किंवा कोकणात पाठवणं हा शेवटचा पर्याय, मुंबईच दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, भाडं, आणि कधी परत येईल देव जाणे. तरी दोन वेळा तोच बरोबर. तीन सिलिंडरला तीन कार्ब असतील तर नुसतं साफ करून भागत नाही, रेस दिली की तिन्हींच्या झडपा एकदम उघडल्या पाहिजेत, ते सेटिंग सवयीच्या माणसाचं काम. आणि मोटर कोकणातून सेकंडहँड घेतली असेल तर. आपल्या धरणाचं गोडं पाणी, बोल्ट बहुतेक निमूट सुटतात, पण खारं पाणी खाल्लेल्या मोटरचा बोल्ट जोर लावला की अर्धा हातात आणि अर्धा ब्लॉकमध्ये.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारा नवा कार्ब? साफ करण्यापेक्षा सोपं वाटतं, पण जेटचा नंबर तुमच्या मोटरचा आहे का हे बघितल्याशिवाय नको, नाहीतर वर सांगितलेली पिस्टनची गोष्ट परत. फ्लोटची निडल झिजली असेल तर कंपनीचं किट घ्या, अख्खा कार्ब कशाला.

साफ झाल्यावर टेस्टिंगला फवारणीचा निळा २०० लिटरचा ड्रम बेस्ट, आधी घासून धुवा, औषधाचा फेस नको. मोटर फळीला घट्ट अडकवा, प्रोपेलर काढा, न्यूट्रलच ठेवा, पाणी खालच्या पाणी ओढणाऱ्या जाळीच्या चांगलं वर पाहिजे, आणि हे बाहेर मोकळ्यावर. मागून पाण्याची बारीक धार येतेय का हे पहिलं बघा, धार नाही तर लगेच बंद. दहा मिनिटं स्लोला टिकली की पेट्रोलचा पाइप काढून टाका आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, वाटी रिकामी होते. वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू पण उघडून घ्या, तळाला थोडं राहतंच. मामेभाऊ आता जूनमध्ये बोट वर ओढली की हे करतो, यंदा दिवाळीनंतर तिसऱ्या ओढीला चालू झाली त्याची.