क्रेडिट रिकव्हरीची ऑनलाइन लॅब: ऑगस्टपासूनचा अनुभव

टेक्ससमध्ये डॅलसजवळच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी गणित शिकवते. यंदा ऑगस्टपासून क्रेडिट रिकव्हरीची, म्हणजे नापास झालेला विषय ऑनलाइन पुन्हा करून त्याचं क्रेडिट मिळवण्याची, लॅबही माझ्याकडे आहे. इकडचे मराठी पालक आणि ओळखीतले शिक्षक याबद्दल सारखे विचारत असतात. आता एप्रिल संपत आलाय, म्हणून नीट लिहून काढते. हे कोर्स ज्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर चालतात, त्या कंपनीचं नाव देत नाही, कारण मला खटकलेल्या गोष्टी बऱ्याचशा आपण प्लॅटफॉर्म कसा लावतो त्यावर असतात.

नव्यांसाठी थोडक्यात: इथे 70 च्या खाली गुण म्हणजे नापास. वर्षभराच्या विषयाच्या प्रत्येक सेमिस्टरला अर्धं क्रेडिट असतं. एंडॉर्समेंटसह (म्हणजे निवडलेल्या एका विषयगटावर भर देऊन) हायस्कूलचा डिप्लोमा हवा तर 26 क्रेडिट लागतात. आपल्या एटीकेटीसारखंच मूल पुढच्या विषयांना बसतं आणि मागचा विषय भरून काढतं. फक्त इथे नुसती परीक्षा नसते, व्हिडिओ, स्वाध्याय, क्विझ, युनिट टेस्ट असा कोर्सच पुन्हा करायचा असतो.

सोय खरोखर मोठी आहे. संध्याकाळी कामाला जाणारी मुलं आपल्या वेगाने पुढे जातात. नुकत्याच आलेल्या स्पॅनिशभाषक मुलांना धडा वाचून दाखवणारं बटण फार उपयोगी पडतं. आणि नववीतलं नुकसान नववीतच भरून काढता येतं. शिकागोच्या संशोधकांनी 2005 साली दाखवून दिलं होतं की नववीत वेळेवर क्रेडिट मिळवणारी मुलं चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीनपट असते. त्यामुळे काउन्सेलरच्या मागे लागून मी पहिल्या सेमिस्टरला नापास झालेली नववीची मुलं जानेवारीतच लॅबमध्ये घेतली. पूर्वी ती अकरावीपर्यंत तशीच राहायची आणि तोवर चार-पाच विषय साचलेले असायचे.

आता खटकणारं. प्लॅटफॉर्म जसा आला तसा सुरू केला तर मूल शिकत नाही, फक्त स्क्रीनवरची प्रगतीची पट्टी हिरवी करत राहतं. क्विझ कितीही वेळा देता येते, प्रश्न तेच तेच फिरून येतात आणि उत्तरं इंटरनेटवर पडलेली असतात. एका मुलाला रेषेच्या चढाच्या क्विझमध्ये 90 मिळाले. मी आलेखाचा कोरा कागद पुढे ठेवला आणि वाय बरोबर उणे दोन एक्स अधिक तीन ही रेषा काढायला सांगितली. उभ्या अक्षावर 3 वर त्याने बरोबर ठिपका दिला आणि तिथेच अडकला. एक घर उजवीकडे गेलं की दोन घरं खाली यायचं, हे व्हिडिओत होतं, पण तो व्हिडिओ दुसऱ्या टॅबमध्ये आपोआप चालून संपला होता. शेजारी बसून दोन रेषा काढून घेतल्या. तिसरी काढायच्या आधीच तो म्हणाला, ‘उणे आहे, म्हणजे उतरणार.’ अशा मुलाला सॉफ्टवेअर केव्हाच पुढच्या युनिटला पाठवून मोकळं झालं होतं!

तेव्हापासून नियम केला: क्विझचे प्रयत्न दोनच. तिसरा हवा असेल तर हाताने लिहिलेली वही दाखवायची, एक उदाहरण माझ्यासमोर सोडवायचं, मग मी अनलॉक करते. युनिट टेस्ट फक्त लॅबमध्ये, फोन टेबलावर. प्रीटेस्ट देऊन धडे वगळण्याची सोय मी सरसकट बंद ठेवली आहे. अपवाद एकच. टेक्ससमध्ये 90 टक्के हजेरीची अट आहे आणि आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणींमुळे काहींचं क्रेडिट तिच्यात अडकतं. त्यांना विषय येत असतो, त्यांना मी समोर बसवून प्रीटेस्ट देऊ देते. निबंधाची उत्तरं मी आणि इंग्रजीची सहकारी स्वतः वाचतो. आपोआप मिळणाऱ्या गुणांवर माझा विश्वास नाही, कारण लांबलचक पण अर्थहीन उत्तरालाही चांगले गुण पडलेले मी पाहिले आहेत.

शिक्षक किती लागतात, यावर शाळा सगळ्यात जास्त काटकसर करतात आणि तिथेच कार्यक्रम फसतो. एका खोलीत कुणी केमिस्ट्री करतंय, कुणी जगाचा इतिहास, कुणी अल्जेब्रा. मी एकटी सगळ्यांना कशी पुरणार? शिकागोच्या 17 सरकारी हायस्कूलांमध्ये 2011 आणि 2012 च्या उन्हाळ्यात अल्जेब्रात नापास झालेल्या मुलांची ऑनलाइन आणि प्रत्यक्ष वर्ग अशी सोडत काढून विभागणी केली होती. वर्गातल्या 76 टक्के मुलांना क्रेडिट मिळालं, ऑनलाइनवाल्या 66 टक्के मुलांना. मला याचं जराही नवल वाटत नाही. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा विज्ञानाचे शिक्षक येऊन बसायला लागले आणि रखडलेली केमिस्ट्री हलली.

पालकांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. क्रेडिट मिळालं म्हणजे टेक्सस राज्याची स्टार (STAAR) परीक्षा सुटली असं नाही. अल्जेब्रा, बायॉलॉजी, इंग्रजीच्या दोन आणि अमेरिकेचा इतिहास, या पाच परीक्षा वेगळ्या आहेत. घाईघाईत कोर्स संपवलेलं मूल तिथे आपटतं. दुसरं, मूल कॉलेजात खेळणार असेल तर एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची संस्था अशा कोर्समध्ये शिक्षकाशी नियमित संपर्क आहे का ते पाहते. नाव नोंदवण्याआधी काउन्सेलरला हे विचाराच. आणि आपली मंडळी नापास झाल्याचं लपवतात, तसं कृपा करून करू नका. सप्टेंबरात आलेल्या मुलासाठी जेवढं करता येतं, तेवढं मार्चमध्ये आलेल्यासाठी खरंच करता येत नाही.

पुढच्या वर्षी हाच प्लॅटफॉर्म ठेवावा असं मी मुख्याध्यापकांना लेखी कळवलं आहे. अट एकच घातली आहे: गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांचे शिक्षक लॅबच्या वेळापत्रकात असायला हवेत. जूनच्या उन्हाळी सत्रासाठी ती मान्य झाली आहे, ऑगस्टचं उत्तर अजून यायचंय.