पाणी कुठले, हे विचारणारी रोपवाटिका

माझ्या घराच्या पूर्वेकडच्या कट्ट्यावर यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यापासून श्रावण संपेपर्यंत अनंताची 39 फुले उमलली. ती मी एकेक करून मोजली, कारण तीन वर्षांपूर्वी त्याच जागी ठेवलेल्या अनंताच्या पहिल्या रोपाने एकही फूल न देता मान टाकली होती. दोन्ही रोपे साताऱ्यातच विकत घेतलेली होती. फरक होता तो विकणाऱ्यांत, आणि म्हणून हा अभिप्राय रोपाइतकाच रोपवाटिकेविषयीही आहे. दोन्ही रोपवाटिकांची नावे मी देत नाही. आपल्या जवळच्या रोपवाटिकेत अनंत घ्यायला गेलेल्या माणसाने काय पाहावे आणि काय विचारावे, एवढे कळले तरी लिहिण्याचे काम झाले असे मी मानते.

पहिले रोप मी हमरस्त्यालगतच्या एका मोठ्या रोपवाटिकेतून एप्रिल महिन्यात आणले. हिरव्या शेडनेटखाली अनंताच्या पिशव्या ओळीने मांडलेल्या होत्या, पाने तेल लावल्यासारखी चमकत होती आणि मी निवडलेल्या रोपावर 14 कळ्या होत्या. किंमत 220 रुपये होती. रोज पाणी घालायचे, बाकी काही लागत नाही, एवढीच सूचना मिळाली. आठव्या दिवसापर्यंत सगळ्या कळ्या देठाशी पिवळ्या पडून गळाल्या. कळ्या धरलेला अनंत सावलीतून एकदम उन्हात, दमट हवेतून कोरड्या हवेत आणि एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर नेला की तो सर्वांत आधी कळ्या टाकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण एप्रिलमध्ये कळ्यांनी भरलेली रोपे दर्शनी भागात मांडणाऱ्याला ते ठाऊक असायला हवे होते.

पुढे पावसाळ्यात रोपाला नवी पालवी आली, पण ती फिकट पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार. त्याच रोपवाटिकेत विचारले तेव्हा युरिया घालायला सांगितले गेले, आणि त्याने काहीच सुधारले नाही. दिवाळीला माझे धाकटे दीर तासगावहून आले. त्यांची द्राक्षबाग आहे. त्यांनी एक पान तोडून उजेडाकडे धरले आणि म्हणाले, “वहिनी, हे आमच्या बागेत दिसतं तेच आहे. फेरस कमी पडलंय. तुमच्या बोअरच्या पाण्याला चुना किती आहे ते आधी बघा.” फेरस म्हणजे लोह. कुंडीच्या काठावर साचलेला पांढरा थर मी रोज पाहत होते, पण त्याचा पानांच्या रंगाशी संबंध असेल असे कधी मनात आले नव्हते.

अनंताला आम्लधर्मी माती लागते. मातीचा सामू (पीएच) साधारण 5 ते 6.5 च्या दरम्यान असेल तर त्याची मुळे लोह सहज घेतात. सामू सातच्या वर गेला की लोह मातीत असूनही विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. जुन्या पानांतले लोह झाडाला नव्या पानांकडे हलवता येत नाही, म्हणून आधी शेंड्याची पाने पिवळी होतात. खालची एखाद-दोन जुनी पाने पिवळी होऊन गळणे हा मात्र झाडाचा नेहमीचा क्रम आहे, त्याने घाबरण्याचे कारण नाही. आमच्याकडे गोडोलीच्या बाजूला बोअरचे पाणी जड आहे, म्हणजे त्यात चुना जास्त आहे आणि तो मातीचा सामू वर नेतो, आणि कृष्णाकाठच्या बहुतेक काळ्या, चुनखडीच्या जमिनीतही हाच प्रश्न येतो. मी ईडीटीए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेले लोह, आणून घातले, पंधरा दिवस पाने हिरवी झाली आणि पुन्हा पिवळी पडली, कारण पाणी तेच चालू होते. अशा चुनखडीच्या मातीत ईडीडीएचए प्रकारचे लोह जास्त टिकते, हे दिरांनी नंतर सांगितले. मे महिन्यात रोप वाळले. कुंडी उलटी केली तेव्हा आत चिकट काळ्या मातीचा गोळा आणि काळी पडलेली मुळे एवढेच निघाले.

दुसरी रोपवाटिका शहराच्या पश्चिमेला, घाटाच्या पायथ्याशी आहे. ती लहान आहे, फलक जुना आहे आणि गाडी लावायला जागा नाही. तिथले साठीच्या घरातले गृहस्थ, ज्यांना सगळेच काका म्हणतात, मी अनंत मागितल्याबरोबर रोपाकडे न वळता माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, तुमच्याकडं पाणी कुठलं? कासचं का बोअरचं?” कास म्हणजे शहराला नळाने पाणी देणारा पठारावरचा तलाव. बोअरचे आहे म्हटल्यावर ते म्हणाले, “मग पावसाचं पाणी साठवायची सोय असंल तरच न्या. न्हाईतर झाड नेऊन उपेग न्हाई.” तो मे महिना होता आणि त्यांनी त्या दिवशी मला रोप दिलेच नाही. “मिरग लागू द्या, मग या,” असे सांगून त्यांनी मला रिकाम्या हाती परत पाठवले. गिऱ्हाईक समोर उभे असताना असे सांगणारा दुकानदार मला साताऱ्यात दुसरा भेटलेला नाही.

त्यांच्या त्या प्रश्नात साताऱ्याच्या अनंताचे सगळे मर्म आहे. माझी मावशी मंगळवार पेठेत राहते. तिच्या परसात पुरुषभर उंचीचा अनंत आहे, त्याला तिने आयुष्यात शेणखताशिवाय काही घातलेले नाही, आणि तरी तो दर पावसाळ्यात भरून फुलतो. तिच्या नळाला कासचे पाणी येते. जांभ्या खडकाच्या पठारावर साठलेले ते पावसाचे पाणी हलके असते, त्यात चुना जवळजवळ नसतो. मावशीचा हात गुणी आहे असे आम्ही बहिणी लहानपणापासून म्हणत आलो. तो आहेच, पण तिच्या नळाचाही त्यात मोठा वाटा आहे.

मिरग लागल्यावर मी पुन्हा गेले. काकांकडे अनंताचे दोन प्रकार होते, दुहेरी पाकळ्यांचा आणि एकेरी. एकेरी फुलाला बहुधा सहा पाकळ्या असतात, वास किंचित हलका असतो आणि त्याला कंगोरे असलेले नारिंगी फळ धरते. त्या फळात केशरात असते तेच क्रोसिन नावाचे रंगद्रव्य असते, आणि चीन व जपानमध्ये खाण्याच्या पदार्थांना पिवळा रंग देण्यासाठी ते फार जुन्या काळापासून वापरले जाते. दुहेरीला सहसा बी धरत नाही, म्हणून तो छाट कलमाने (फांदीचा तुकडा लावून) किंवा गुटी कलमाने (झाडावरच्याच फांदीला मुळे फोडून) वाढवावा लागतो. मी दुहेरी घेतला, तरी एकेरीही माझ्या मनात भरला आहे आणि जागा झाली की तोही आणणार आहे.

हे झाड मूळचे दक्षिण चीन, जपान आणि व्हिएतनामच्या पट्ट्यातले, म्हणजे भरपूर पावसाचे आणि आम्ल मातीचे. युरोपात ते पोहोचले तेव्हा ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचे एखादे जाईजुईचे झाड असावे अशी समजूत झाली होती. 1761 साली जॉन एलिस यांनी त्याचे शास्त्रीय नाव प्रसिद्ध केले, त्यात गार्डेनिया हे अलेक्झांडर गार्डन या डॉक्टरच्या नावावरून आले आणि जास्मिनॉयडीस म्हणजे जाईसारखा हा शब्द त्या समजुतीची खूण म्हणून राहिला. प्रत्यक्षात जाईजुईशी त्याचे नाते नाही, ते कॉफीच्या कुळातले आहे. आपल्याकडे बाळांच्या पोटदुखीसाठी घराघरांत ठेवली जाणारी डिकेमाली हा याच गार्डेनियाच्या भारतीय भावंडाचा राळेसारखा चीक आहे. डिकेमालीचा तो उग्र वास आठवला की ही दोन झाडे सख्खी आहेत यावर विश्वास बसत नाही.

खरेदीच्या वेळी काकांनी दाखवलेल्या दोन गोष्टी मला फार उपयोगी वाटल्या. एक म्हणजे तगरीची ओळख. दुहेरी तगर अनंत म्हणून खपवली जाते, आणि फुले नसताना नवख्या माणसाला फरक कळत नाही. पान देठाशी मोडले आणि पांढरा चीक आला तर ती तगर; अनंताला असा चीक येत नाही, आणि त्याची पाने जोडीने किंवा तीन-तीनच्या फेऱ्यात येतात. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी पिशवी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढला आणि पांढरी, जिवंत मुळे कडेपर्यंत आलेली पण अजून गोल फिरायला न लागलेली आहेत हे मला दाखवले. एवढे करणाऱ्याकडून रोप घ्यायला हरकत नाही असे मला वाटते, आणि जो पिशवीला हात लावू देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

तिथेही त्रुटी आहेत आणि त्या लिहिल्या पाहिजेत. रोप गुटी कलमाचे होते, 350 रुपयांना, पण ते कोणत्या जातीचे याची कसलीही नोंद नव्हती. चिठ्ठीवर फक्त ‘अनंत’ एवढेच लिहिलेले होते. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण सापडला. मी परत जाऊन दाखवले तेव्हा काकांनी रोप बदलून दिले नाही, निंबोळी तेलाची लहान बाटली मात्र पैसे न घेता दिली. त्या तेलाने तीन फवाऱ्यांत कीड गेली हे खरे, पण विकण्याआधी पाने उलटून पाहणे हे रोपवाटिकेचेच काम आहे. त्यांच्याकडे मिळणाऱ्या तयार मातीत शेणखत गरजेपेक्षा जास्त वाटले, म्हणून मी ती वापरली नाही. लाल माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग आणि कोकोपीट एक भाग असे मिश्रण मी स्वतः केले. लाल मातीच्या मोहाने कोणी कासच्या पठारावरून माती उचलू नये एवढी कळकळीची विनंती. तिथला मातीचा पातळ थर हाच त्या पठाराच्या फुलांचा आधार आहे, आणि रोपवाटिकांत लाल माती पोत्याने विकत मिळते.

पाण्यासाठी मी पन्हाळीखाली 200 लिटरचे पिंप ठेवले आहे. पावसाळ्याच्या अखेरीस भरून ठेवलेले पाणी हिवाळाभर पुरते, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा मावशीकडून कासचे पाणी कॅनमधून आणते. नवी पाने फिकट दिसली की कृषी सेवा केंद्रातून आणलेला हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, एका लिटरला 2 ग्रॅम विरघळवून महिन्यातून एकदा मातीत देते. फरशीवर सांडला तर तांबूस डाग पडतो आणि तो निघत नाही. मातीवर उसाच्या पाचटाचे आच्छादन आहे, त्यामुळे पारा चाळिशीला टेकला तरी मुळे थंड राहतात. कोवळे ऊन दहा-साडेदहापर्यंत आणि नंतर सावली, एवढे त्याला मानवते. कुंडी एकदा ठेवली की हलवायची नाही, चुन्याच्या किंवा सिमेंटच्या भिंतीला टेकवायची नाही, आणि गुलाबासाठी आपण टाकतो ती अंड्याची टरफले याच्या कुंडीत अजिबात टाकायची नाहीत. छाटणी फुले संपताच करावी. थंडीत कात्री चालवली की पुढच्या हंगामाच्या कळ्यांवरच चालते.

गेल्या वर्षी 7 फुले आली, यंदा 39. कळी पिळलेल्या वातीसारखी असते, पाकळ्या एकमेकींवर तिरक्या गुंडाळलेल्या आणि कडेला फिकट हिरवट. दिवेलागणीला तो पीळ सुटू लागतो आणि रात्री नऊपर्यंत फूल पूर्ण उघडते. मोगऱ्याचा वास लांबून हाक मारतो. अनंताचा वास जड आहे, सायीसारखा दाट, त्यात पिकल्या फळाची थोडी गोडी आहे आणि पावसाळी दमट रात्री तो खोलीतून हलतच नाही. पहिल्या दिवशी फूल पांढरेशुभ्र असते, दुसऱ्या दिवशी त्यावर सायीचा रंग चढतो आणि तिसऱ्या दिवशी ते जुन्या हस्तिदंतासारखे पिवळसर होते, पण वास तरीही राहतो. पाकळीला बोट लागले की थोड्या वेळाने तिथे तपकिरी डाग उमटतो, म्हणून फूल देठाला धरूनच तोडावे. माझ्या सासूबाई ओवायच्या भानगडीत पडत नाहीत. देवापुढे एक ठेवतात आणि एक अंबाड्यात खोचतात, आणि त्या ज्या खोलीतून गेल्या ती खोली तासभर ओळखू येते.

या छोट्या रोपवाटिकेत जायचे असेल तर सकाळी अकराच्या आत जावे, कारण दुपारी काका नसतात आणि तिथला मुलगा पाण्याविषयी काही सांगत नाही. घरपोच सेवा नाही, फोन बहुधा उचलला जात नाही, पैसे मात्र मोबाइलवरून देता येतात. कळ्या असलेले रोप मागू नये, एप्रिल-मे टाळावा आणि मिरगाचे दोन पाऊस पडून गेले की जावे. घरी पाणी बोअरचे असेल तर आधी पिंप घ्यावे आणि मग रोप.