आयर्लंड की जर्मनी? भाचीसाठी मांडलेला हिशेब

भाचीचं बी.एस्सी. नर्सिंग झालं आणि तिच्यापुढं दोन वाटा आल्या, आयर्लंड आणि जर्मनी. पगार, विमानाचं भाडं, एजंटाची फी हे सगळं माझ्या भावानं वहीत लिहून काढलं. वहीत न मावणारा प्रश्न तिनं चपात्या लाटता लाटता मला विचारला : "आत्ती, बाईमाणसाला जास्त सुधारलेला देश कुठला गं यातला?"

आमच्याकडं सुधारलेला म्हणजे काय, ते आधी सांगते. रात्रपाळी करून एकटीनं घरी येता यावं. लग्न कधी, कुणाशी, का करायचंच नाही, हे तिचं तिनं ठरवावं. मूल झालं म्हणून नोकरी जाऊ नये. आणि जिवावर बेतलं तर कायदा आडवा येऊ नये.

शेवटच्या वाक्यापाशी बेळगावचा माणूस थबकतो, कारण आयर्लंड म्हटलं की आम्हाला सविता हलप्पनवर आठवते. बेळगावची लेक, दंतवैद्य. ऑक्टोबर 2012 मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात ती सतरा आठवड्यांची गरोदर होती. गर्भ टिकणार नव्हता, पण त्याचे ठोके सुरू होते, म्हणून गर्भ काढण्याची तिची विनंती मानली गेली नाही. संसर्ग रक्तात भिनला आणि 28 तारखेला ती गेली. वय 31. आयर्लंडनं 1983 साली राज्यघटनेत कलम घालून आईच्या आणि गर्भाच्या जिवाला समान हक्क दिला होता. भारतात गर्भपाताचा कायदा 1971 सालचा आहे. श्रीमंत, शिकलेला, युरोपातला देश या एका बाबतीत आपल्या चाळीस वर्षं मागं होता.

मग भाचीला तिथं पाठवायचं कशाला? कारण पुढची सहा वर्षं बघावी लागतात. सविताच्या मृत्यूनंतर बायका रस्त्यावर आल्या. सरकारनं चिठ्ठ्या टाकाव्यात तसे 99 सामान्य नागरिक निवडून त्यांची सभा बसवली. त्यांनी कित्येक शनिवार-रविवार डॉक्टरांचं, वकिलांचं, दोन्ही बाजूंच्या संघटनांचं ऐकलं, बायकांचे अनुभवही ऐकले आणि बंदी उठवा असा कौल दिला. 25 मे 2018 ला सार्वमत झालं, 66 टक्के लोकांनी ते कलम काढायला होकार दिला. तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर. वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, म्हणजे आंबोली उतरून गेलं की आपल्या शेजारचंच. ते स्वतः समलिंगी आहेत, आणि 2015 साली समलिंगी विवाहाला सार्वमतानं मान्यता देणारा आयर्लंड हा जगातला पहिला देश ठरला होता. 1973 पर्यंत याच देशात सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागायचा. घटस्फोट तर 1995 च्या सार्वमतात जेमतेम नऊ हजार मतांनी निसटता पास झाला.

म्हणून "त्यांच्या रक्तातच ते आहे" असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. रक्त एका पिढीत बदलत नाही. नियम बदलतो, आणि तो बदलायला कुणीतरी जिवाचं रान करावं लागतं.

हे आम्हा सीमाभागातल्यांना कुणी शिकवायला नको. निपाणीच्या स्टँडवर उभ्या राहा. कर्नाटकाच्या बसमध्ये आधार कार्ड दाखवलं की राज्यातल्या राज्यात बाईला शून्याचं तिकीट (जून 2023 पासून), आणि महाराष्ट्राच्या लाल एस.टी.त महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं अर्धं. बाई तीच, पिशवी तीच, कोल्हापूरचा रस्ताही तोच. पैशाचंही तसंच. नुसत्या पैशानं सुधारणा येत असती तर श्रीमंत स्वित्झर्लंडच्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायला 1971 उजाडलं नसतं. आमच्या आज्यांनी 1952 सालीच मतं टाकली होती.

जर्मनीची गोष्टही अशीच, आणि बेळगावकराला ती पटकन कळते. एकच भाषा बोलणारी माणसं चाळीस वर्षं दोन राज्यांत राहिली. पूर्वेकडं पाळणाघरं होती, आया कामावर जायच्या, 1972 पासून गर्भपाताला परवानगी होती. पश्चिमेकडं मात्र 1977 पर्यंत कायदाच म्हणायचा की घरकाम सांभाळून जमत असेल तरच बायकोनं नोकरी करावी. कामावर जाणाऱ्या आईला तिकडं 'राबेनमुटर' म्हणतात, म्हणजे डोमकावळीण आई, पिल्लं टाकून उडून जाणारी. तो शब्द अजून गेलेला नाही. अँगेला मर्केल सोळा वर्षं चॅन्सेलर होत्या, तरी 2017 साली समलिंगी विवाहाच्या विधेयकाविरुद्ध त्यांनीच मत दिलं. विधेयक पास झालं ते वेगळं. गर्भपात तिथं आजही दंडसंहितेत गुन्हा म्हणूनच लिहिलेला आहे. समुपदेशन घेऊन बारा आठवड्यांच्या आत केला तर शिक्षा होत नाही, एवढीच सोय. कागदावर बघितलं तर आयर्लंड आता याबाबत पुढं गेलाय : तिथं बारा आठवड्यांपर्यंत कारण न देता करता येतो, फक्त मध्ये तीन दिवस थांबावं लागतं.

पण मूल होऊ द्यायचं असेल तर पारडं फिरतं. जर्मनीत बाळंतपणाआधी सहा आणि नंतर आठ आठवडे पूर्ण पगार. पुढं आईवडील दोघांनी मिळून रजा वाटून घेतली तर चौदा महिन्यांपर्यंत पगाराच्या साधारण 65 टक्के भत्ता. वरची मर्यादा महिन्याला 1800 युरो. यातले किमान दोन महिने दुसऱ्या पालकानं घ्यायचे, नाहीतर ते बुडतात. ही युक्ती स्वीडनची; तिथं तर 480 दिवसांतले नव्वद-नव्वद प्रत्येकाच्या नावावर बांधलेले असतात. बापाला घरी बसवायला भाषणं पुरत नाहीत, दिवस बुडायची भीती पुरते. जर्मनीत वर्षाच्या मुलाला पाळणाघरात जागा हा 2013 पासून कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात नाव नोंदवून ताटकळावं लागतं, तेही खरं.

आयर्लंडमध्ये आईला 26 आठवडे सरकारकडून ठरावीक रक्कम मिळते, तिचा पगाराशी संबंध नाही. वडिलांना दोन आठवडे, शिवाय दोघांना नऊ-नऊ. पाळणाघर महाग आणि डब्लिनचं घरभाडं ऐकून माझ्या भावानं वही मिटली. 'बाईचं घरातलं स्थान' सांगणारं 1937 सालचं कलम राज्यघटनेत अजून शाबूत आहे. 2024 च्या महिलादिनी ते बदलायला घेतलेलं सार्वमत दणकून आपटलं. प्राथमिक शाळांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ आजही कॅथलिक चर्चच्या छत्राखाली चालतात. तिला हे आत्ता काही लागणार नाही, पोरगं शाळेत घालायच्या वेळी लागेल.

आता भाषा. इथं आमचा अनुभव दांडगा आहे. कन्नडमधला उतारा शेजाऱ्याकडून वाचून घेणारी, 'मराठीतून अर्ज चालत नाही' हे खिडकीवर ऐकलेली माणसं आम्ही. कायदा कितीही चांगला असो, खिडकीपलीकडच्याचं बोलणं कळलं नाही तर तो आपल्यापर्यंत पोचत नाही. आयर्लंडमध्ये तिची इंग्रजी पहिल्या दिवसापासून चालेल. पाट्या मात्र आयरिश आणि इंग्रजीत, वर आयरिश. बेळगावच्या पोरीला पाट्यांवरून अगदी घरी असल्यासारखं वाटेल. जर्मनीत नर्सला साधारण बी-टू पातळीची, म्हणजे कामावर अडखळल्याशिवाय बोलता येईल इतकी जर्मन लागते, आणि पदवीला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून कमी पगारावर काम करावं लागतं. परकीयांच्या कचेरीतला कारभारही जर्मनमध्येच.

परक्याकडं बघण्याची नजर दोन्हीकडं सध्या तिरपी झालीये. डब्लिनमध्ये 2025 च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले आणि आपल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. जर्मनीत त्याच वर्षी फेब्रुवारीत स्थलांतरितांना विरोध करणारा पक्ष 20.8 टक्के मतं घेऊन दुसरा आला. म्हणजे रात्रपाळीनंतर एकटीनं चालायचा प्रश्न देशावर सोडून भागत नाही, गाव बघावं लागतं, बसथांबा बघावा लागतो. नागरिकत्व दोन्हीकडं साधारण पाच वर्षांनी मागता येतं. जर्मनी 2024 पासून दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो, पण भारत घेत नाही, तेव्हा आपला पासपोर्ट सोडावाच लागणार.

माझं मत तिला सांगितलं ते असं : दोन-चार वर्षांत लग्न-मूल असा बेत असेल, आणि भाषेसाठी वर्षभर घासायची तयारी असेल, तर जर्मनी. एकटीनं राहायचं, लगेच कमवायचं, आपल्या तोंडानं भांडता यायला हवं, तर आयर्लंड. फक्त डब्लिन सोडून लहान गावातली जागा शोध. तिचं नक्की काय आहे, ते तिलाच ठाऊक नाही. मी खोदून विचारलं तर "लग्नाचं नंतर बघू की" म्हणाली आणि तव्यावरची चपाती उलटली.

सोमवारपासून तिनं टिळकवाडीत जर्मनचा क्लास लावलाय, आणि आयर्लंडसाठीच्या इंग्रजी परीक्षेचेही पैसे भरलेत. भाऊ पुन्हा वही उघडून बसलाय.